दादासाहेब खापर्डे: टिळक आणि शिर्डी यांच्या मधली अमरावती

बदनेरा_पॅसेंजर

मंडळी, एका कामात अडकलोय. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका निघते, त्यात यंदा 'गावचे जुने पुढारी' असं सदर आहे. मीटिंगला उशिरा पोचलो, म्हणून दादासाहेब खापर्डे माझ्या गळ्यात पडले. शब्दमर्यादा ८००.

वाचायला घेतलं तर हा माणूस दोनच जागी भेटतो. एक, टिळकांच्या चरित्रात, टिळकांच्या जरा मागे उभा. दुसरा, शिर्डीत, बाबांपुढे गप्प बसलेला. मधली अमरावती कुठे गेली? नगरपालिकेचे उपाध्यक्ष, जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पण एकदा 'उपाध्यक्ष होते' असं लिहिलं की लेखक सुटले.

तर प्रश्न असा: गावचा पुढारी म्हणून त्यांच्याबद्दल काय लिहिता येईल? आणि घरचं कुणाला काही ठाऊक आहे का? बायको, मुलं, खर्च, काहीही.

कापूसकोंड्या

गणपतीच्या पुस्तकाले माणूस बराबर भेटला न बे तुले. २७ ऑगस्ट १८५४ चा जन्म, अन् त्या दिवशी गणेश चतुर्थी. म्हणून तर नाव गणेश. गणेश श्रीकृष्ण खापर्डे. घे, आठ-दहा शब्द झाले. उरले सातशे नव्वद.

अंबागेट

चांगला विषय. थोडी पार्श्वभूमी देतो, कारण वऱ्हाडाचा मामला पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा होता आणि ते कळल्याशिवाय 'उपाध्यक्ष' या शब्दाचं वजन कळत नाही.

वऱ्हाड मुळात निजामाचं. १८५३ मध्ये इंग्रजांकडे कारभाराला आलं, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यावर गेलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. म्हणजे मालक हैदराबादेत, कारभारी इंग्रज, आणि कर भरणारा वऱ्हाडी कापूसवाला. नगरपालिकेचा कायदासुद्धा वेगळा, १८८६ चा. अशा ठिकाणी अध्यक्षाच्या खुर्चीत बहुतेक वेळा साहेब बसायचा. गावातल्या माणसाची धाव उपाध्यक्षपदापर्यंत. कागद उपाध्यक्षाने हलवायचे, शिव्या त्यानेच खायच्या, सही मात्र साहेबाची. आणि मतदार कोण, तर कर भरणारे मूठभर.

दादासाहेब त्या खुर्चीत आले ते सरकार आतून पाहून. मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकले, १८८४ ला एलएल.बी. झाले, मग वऱ्हाडातच काही वर्षं मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर. १८९० ला नोकरी सोडून अमरावतीत वकिली सुरू केली. फाइल कुठे अडते, का अडते, साहेब कशाला भितो, हे त्यांना नोकरीनेच शिकवलं असणार.

गाव तेव्हा तीस-पस्तीस हजारांचं. परकोट उभा, रात्री दरवाजे. आगगाडीची मुख्य लाइन बडनेऱ्यावरून जायची आणि गावात फाटा यायचा. नगरपालिकेपुढे मोठा प्रश्न पाण्याचा. वडाळीचा तलाव आज आपल्याला संध्याकाळी भेळ खायची जागा वाटते. तो गावाला पाणी पाजायला होता.

टिवल्याबावल्या

पाण्याचा प्रश्न तेव्हाही मोठा, आत्ताही मोठा. सव्वाशे वर्षांत एवढं सातत्य दुसऱ्या कशात दाखवून द्या.

प्रा_गबाळे

अंबागेट यांचा प्रतिसाद उत्तम, पण एक तक्रार. अमरावती म्हटली की खापर्डेच का? त्याच गावात रंगनाथ नरसिंह मुधोळकर होते. जन्म धुळ्याचा, तेही एल्फिन्स्टनचे, तेही वकील. १९१२ ला बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदापर्यंत पोचलेला अमरावतीकर, आणि आज गावात दहा जणांना विचारलं तर नऊ जण 'कोण?' म्हणतील. त्यांचे चिरंजीव जनार्दन पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.

तिसरे सर मोरोपंत जोशी. तेही अमरावतीचेच वकील. मध्य प्रांताच्या सरकारात गृहखातं त्यांनी सांभाळलं, आणि संमतिवयाच्या चौकशीसाठी १९२८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष तेच.

एका गावच्या एका बाररूममध्ये ही तीन माणसं! दोघे मवाळ, एक जहाल. मवाळांनी संस्था उभ्या केल्या, जहालांनी सभा गाजवल्या. लेख मुधोळकरांवर लिहा, असं माझं प्रामाणिक मत.

बदनेरा_पॅसेंजर

सर, मुधोळकर शेजारच्या विंगमधल्या काकांना मिळालेत. ते मीटिंगला वेळेवर आले होते.

अंबागेट

@प्रा_गबाळे, सभा गाजवल्या एवढंच नका म्हणू. १८९७ ची काँग्रेस आठवा. आदल्या वर्षीपासून दुष्काळ, त्यात प्लेग, जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या, सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाची शिक्षा. सरकार प्रत्येक मराठी माणसाकडे संशयाने बघत होतं, आणि नेमक्या त्या डिसेंबरात अखिल हिंदुस्थानची सभा अमरावतीत भरली. अध्यक्ष मद्रासकडचे शंकरन नायर. स्वागताध्यक्ष खापर्डे. प्रतिनिधी उतरवायचे कुठे, जेवायला काय, मद्रासवाल्यांना भात किती, पंजाबातल्यांना पोळ्या किती, ही सगळी चिंता यजमान गावाची. त्या वेळी मुधोळकर आणि खापर्डे एकाच मांडवात राबत होते. पुढे सुरतेला १९०७ मध्ये मवाळ आणि जहाल कसे फुटले ते सगळ्यांना माहीत आहे.

नीलाक्षी

घरचं विचारलंय ना? मग पत्नीपासून सुरुवात करा. लक्ष्मीबाई. मुलगे तीन: बाळकृष्ण, माधव, बळवंत. थोरले बाळकृष्ण म्हणजे बाबासाहेब, तेही वकील आणि राजकारणात. १९३७ च्या मध्य प्रांतातल्या अल्पकाळाच्या राघवेंद्रराव मंत्रिमंडळात ते मंत्री होते. वडिलांचं चरित्र त्यांनीच लिहिलं.

घराचं जे वर्णन मिळतं ते वाचून मला पहिल्यांदा धाप लागली. रोज जेवणारी माणसं पन्नासाच्या आसपास. घरचे थोडेच. बाकी शिकायला ठेवलेली पंधराएक मुलं, दोन स्वयंपाकी त्यांच्या कुटुंबांसह, कारकून, घोड्यांकडचे, गुरांकडचे, आश्रयाला आलेल्या बायका. वर पाहुणे. आणि सगळ्यांना एकच स्वयंपाक. मालकाच्या ताटात वेगळं, गडीमाणसाच्या ताटात वेगळं, असला प्रकार नाही. लक्ष्मीबाईंचं शिक्षण म्हणाल तर शाळेचं नाही, पण पांडवप्रतापासारख्या पोथ्या वाचत.

दादासाहेबांना 'वऱ्हाडचे नवाब' म्हणत. ती नवाबी कोणाच्या जिवावर चालली?

सुतारपक्षी

पक्षकारांच्या.

नीलाक्षी

@सुतारपक्षी, पैसा पक्षकारांचा, मान्य. पण नुसत्या पैशाने पंगत उठत नाही.

नास्तिक_नाना

आता वादाचं बोलू का? शिर्डी.

तारखा बघा. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये खापर्डे त्यांच्या अपिलासाठी विलायतेला गेले, पन्नाशी उलटलेला माणूस, आणि दोन वर्षांवर तिकडेच राहिला. परतताना मंडालेला तुरुंगात टिळकांना भेटून १९१० च्या अखेरीस घरी. त्याच डिसेंबरात पहिली शिर्डी, आठवडाभर. मग ६ डिसेंबर १९११ ते १५ मार्च १९१२ असा सलग मुक्काम, शंभर दिवसांच्या वर. चालती वकिली असलेला माणूस एवढे दिवस एका खेड्यात बसतो? जहालांची धरपकड चालू होती. माझ्या मते ते तिथे शांतपणे लपले होते. आणि हेर तर घरापर्यंत आले होते. साधूच्या वेषातला एक माणूस त्यांच्याकडे येऊन राहिला आणि त्यांची डायरी वाचत असे, हे चरित्रसामग्रीतच आलंय.

माईआत्या

नास्तिक_नाना, लपणारा माणूस रोज डायरी लिहीत नाही रे बाळा. काकड आरती, कोण आलं, कोण गेलं, बाबा आज काय बोलले, दुपारी जोगांबरोबर परमामृत वाचलं, सगळं लिहून ठेवलंय. ती शिर्डीची डायरी छापलेली आहे, मी दोनदा वाचली.

आणि त्यांच्या घरच्या मंडळींचं सांगायचं तर साईसच्चरितात त्या दोनदा येतात. त्यांच्या लहान मुलाला शिर्डीत ताप आला, प्लेगची गाठ दिसली. आईचा जीव घाबरा झाला. अमरावतीला परत जाते म्हणून परवानगी मागायला ती बाबांकडे गेली. बाबांनी कफनी वर करून अंड्याएवढ्या गाठी स्वतःच्या अंगावर दाखवल्या. मुलगा बरा झाला. दुसरा प्रसंग नैवेद्याचा. इतरांची ताटं तशीच ठेवून बाबा लक्ष्मीबाईंच्या ताटावर लगेच जेवायला बसले. बाबांच्या जवळच्या शामाने विचारलंच, हा भेदभाव का म्हणून. तेव्हा बाबांनी तिचे मागचे जन्म सांगितले.

तू मान किंवा नको मानू. पण पन्नास माणसांना वाढणाऱ्या बाईच्या हातचं ताट पुढे ओढलं गेलं, हे मला फार आवडतं.

नास्तिक_नाना

आत्या, शेवटचं वाक्य मलाही आवडलं. बाकी मतभेद राखून नमस्कार.

पेठी_मांजर

कौन्सिलात आणि कोर्टात गर्जना करणारा हा माणूस बाबांपुढे मात्र तोंड उघडत नसे, असं साईसच्चरित लिहिणाऱ्या हेमाडपंतांनी मुद्दाम नोंदवलंय ना? वकील गप्प बसतो हा चमत्कार कफनीखालच्या गाठींपेक्षा मोठा. माझा नवरा वकील आहे.

टिवल्याबावल्या

पेठी_मांजर, प्रतिसाद फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावण्यात येत आहे.

रंगपटातला_उंदीर

थोडं अवांतर. दादासाहेबांची आणखी एक ओळख कुणीच काढली नाही. १९०५ मध्ये मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष ग. श्री. खापर्डे. नट नाही, नाटककार नाही, अमरावतीचा एक वकील! नाटकवाल्यांना तेव्हा समाजात मान नव्हता. संमेलनाला वजन यावं म्हणून प्रतिष्ठित माणूस हवा होता, असं म्हणता येईल. पण मला वाटतं त्यांच्या बोलण्याची कीर्तीही कामाला आली असावी. विनोदी आणि खुसखुशीत बोलणारे म्हणून त्यांचं नाव होतंच. हंशा कुठे पिकवायचा हे ज्याला कळतं त्याला नाटकवाले आपला मानतात.

चांदूरकर

मी जरा कडू बोलणार आहे, स्मरणिकेत चालेल की नाही ते बघा.

१३ नोव्हेंबर १९२७. अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश. महाडचं चवदार तळं त्याच वर्षीच्या मार्चमधलं. पंजाबराव देशमुख या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. दादासाहेब तेव्हा ७३ वर्षांचे, गावातले सगळ्यात वजनदार म्हातारे. त्यांच्या वजनाचा उपयोग दार उघडायला झाला का? झाला नाही. सामाजिक बाबतीत ते टिळकांच्याच जुन्या वळणाचे. सगळ्यांना एकच स्वयंपाक म्हणून वर कौतुक झालं, पण त्या 'सगळ्यां'मध्ये कोण होतं आणि कोण नव्हतं, हेही विचारा.

माझे आजोबा त्या काळात अमरावतीत मजुरीला होते. परकोटातल्या वाड्यांमध्ये सरपणाच्या मोळ्या ते मागच्या दारापर्यंत न्यायचे. पैसे वरून टाकले जायचे, हातात नाही. कोणत्या वाड्यात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक सगळ्याच.

अंबागेट

चांदूरकर, हे यायलाच हवं होतं. धन्यवाद.

प्रा_गबाळे

सहमत. म्हणूनच मोरोपंतांचं घर शेजारी ठेवून बघावं असं सुचवतो. ते प्रार्थना समाजाच्या विचारांचे. त्यांच्या पत्नी लेडी यशोदाबाई यांचं आत्मकथन आहे. नवऱ्याने लिहायला-वाचायला शिकवलं, सुधारकी वागणुकीमुळे नातलगांचा आणि गावाचा रोष कसा पत्करावा लागला, हे त्यात बाईच्याच तोंडून येतं. एकाच गावातल्या दोन पुढाऱ्यांची दोन घरं. यशोदाबाई स्वतः लिहितात. लक्ष्मीबाई आपल्याला नवऱ्याच्या डायरीतून, मुलाच्या चरित्रातून आणि पोथीतून दिसतात.

सुतारपक्षी

आणि १९२० नंतरचं? टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. त्याआधी दादासाहेब दिल्लीच्या कायदेमंडळात रौलेट बिलाविरुद्ध बोललेले होते. पण गांधींचा असहकार त्यांना पटला नाही. काँग्रेसपासून दूर झाले, कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले. ज्या गावाने त्यांना डोक्यावर घेतलं तेच गाव टोपी घालून दुसरीकडे निघालं. १ जुलै १९३८ ला वारले तेव्हा त्यांचं राजकारण कधीच मागे पडलं होतं.

कापूसकोंड्या

वकील लोकायले कोर्ट सोडा म्हणलं तं कसं पटन? मासोयीले पानी सोड म्हणल्यावानी झालं ते.

अंबागेट

@कापूसकोंड्या, टिळकांसाठी त्यांनी दोन वर्षं वकिली सोडलीच होती की. घरची पन्नास पानं मांडलेली असताना. त्यांचा विरोध मुद्द्यावर होता, तो चुकीचा म्हणा हवं तर.

डावखुरी_सुगरण

बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही.

माझी पणजी अचलपूरकडच्या एका वकिलांच्या घरात सून म्हणून आली. खापर्ड्यांइतके मोठे नव्हेत, पण वळण तेच: वकिली, नगरपालिका, दाराशी माणसं. आजीने ऐकून सांगितलेलं घर असं. पहाटे बैलगाड्या यायच्या. तारीख असलेले शेतकरी आदल्या रात्रीच निघालेले असत. फी म्हणून कधी पैसे, कधी ज्वारीचं पोतं, एकदा दुभती म्हैस. ओट्यावर कांबळी टाकून बसायचे. वकीलसाहेब पूजा आटोपून येईपर्यंत त्यांना पहिला चहा मिळायचा, चहा हीच तेव्हा नवलाई. मग पंगती. पहिली शिकणाऱ्या मुलांची, कारण शाळा. दुसरी कारकून आणि पक्षकारांची, कारण कोर्ट. तिसरी गड्यांची. बायका तीनला. निवडणुकीच्या दिवसांत चारला, कधी नुसता ताक-भात.

पणजोबा म्युनिसिपालटीत कशावर बोलले ते आजीला एक अक्षर माहीत नव्हतं. पण कोणत्या ठरावाच्या आदल्या दिवशी किती पानं वाढली हे पणजीने तिला सांगितलं होतं. जकातीच्या वेळी म्हणे आठ दिवस घरात व्यापारीच जेवत होते, आणि तूप संपलं.

त्या घरातली एकच वस्तू माझ्याकडे आली आहे. वरण वाढायची पितळेची पळी. लांब दांड्याची, टोकाला आकडा. पळीच्या काठाची एकच कड झिजून सपाट झालीय, हंड्याच्या तळाला घासून. ती कड नेहमीच्या पळीला असते त्याच्या उलट्या बाजूला आहे. म्हणजे पणजी डावरी होती. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी डावरी, म्हणून माझ्या लक्षात आलं. लहानपणी डाव्या हाताने वाढलं की मला ओरडा बसायचा.

पेठी_मांजर

अंगावर काटा आला. फोटो टाक ना.

माईआत्या

डाव्या हाताने देवाला दाखवू नये म्हणतात, पंगतीला वाढू नये म्हणतात. आणि त्या बाईने आयुष्यभर अख्ख्या गावाला वाढलं. बरं केलं.

चांदूरकर

आयुष्यभर. छान लिहिलंत, डावखुरी_सुगरण.

टिवल्याबावल्या

कुणीतरी राजकमल चौकातल्या पार्किंगवर बोला, वातावरण फार गंभीर झालंय.

बदनेरा_पॅसेंजर

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांत स्मरणिकेपुरतं सोडा, पुस्तकापुरतं जमलं.

ठरवलं असं. सुरुवात १८९७ च्या डिसेंबरातल्या जेवणावळीपासून, म्हणजे गाव, पालिका, काँग्रेस एका मांडवात येतील. मग घर आणि लक्ष्मीबाई. विलायतेची दोन वर्षं घराच्या बाजूने लिहितो: मिळवता माणूस समुद्रापलीकडे, आणि इथे पानं तेवढीच. शिर्डीला एक परिच्छेद, नाना आणि आत्या दोघांनाही राग येईल असा. अंबादेवीचा प्रसंग ठेवणार आहे. संपादक म्हणाले, 'उत्सवाच्या अंकात हे कशाला?' मी म्हटलं, मग माझं नाव काढा. अजून उत्तर नाही.

टिळक तीन ओळींत.

एक प्रश्न उरला. 'पन्नास माणसांचं वरण' असं नुसतं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. किती होतं ते? @डावखुरी_सुगरण, त्या पळीत किती मावतं, मोजता येईल का?

डावखुरी_सुगरण

आत्ताच पाणी भरून मोजलं. काठोकाठ दीडशे मिलीला थोडं कमी. दीडशेच धरा. माणशी दोन पळ्या म्हटल्या तर एका वेळचं पंधरा लिटर. दोन वेळचं तीस. फोटो उद्या टाकते, आधी चिंचेने घासते.

कापूसकोंड्या

मानशी दोन पळ्या? वऱ्हाडात पाहुना आहे का दुखनाईत? चार धर.

डावखुरी_सुगरण

घासू नको म्हणतेय आई. झिजलेली कड आणखी झिजेल. तशीच काळी टाकते.